रिकामं भांडं

१

भाताची कापणी उरकली, खाचरं मोकळी झाली, की मासुए माहेरी, हिनोसेला यायची. दरवर्षी तेच. ओसाकाहून रेल्वे, मग डोंगरातली ती लहान बस, मांडीवर मिठाईचा तोच खोका, आणि उतरताना ड्रायव्हरशी तेच भांडण.

"वेळापत्रक काय शोभेला लावलंय रे? का बायकोला विचारून गाडी काढतोस?"

ड्रायव्हरने टोपी काढली, कमरेत वाकून माफी मागितली. मासुएचं डोकं आणखी फिरलं. लगेच माफी मागून मोकळ्या होणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? पन्नास वर्षं मासळीबाजारात उभी राहिलेली बाई ती. त्र्याहत्तर वय झालं तरी आवाज असा, की रस्त्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक दचकून अलीकडे यायचं.

या खेपेला मात्र ती नुसती भेटायला आलेली नव्हती. थोरल्या बहिणीला, किनुएला, ती घेऊन जाणार होती. गेल्या हिवाळ्यात किनुए अंगणातल्या बर्फात घसरून पडली आणि कोणी बघेपर्यंत तशीच पडून राहिली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मासुएने आपल्या घरातली उन्हाची खोली रिकामी केली, नवी गादी आणली. बर्फ पडायच्या आत हिला उचलायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गाव नेहमीसारखंच शांत होतं. घराघरांच्या ओसऱ्यांवर भाज्या ठेवलेल्या: कुठे मुळे, कुठे कोबी, कुठे अळकुड्या. इथली रीतच तशी. ज्याच्याकडे जास्त पिकलं त्याने शेजारच्या ओसरीवर मुकाट्याने ठेवून जायचं. हाक मारायची नाही, नाव सांगायचं नाही, उगाच समोरच्याला उपकाराचं ओझं नको. मासुएला लहानपणापासून या रीतीचा संताप. द्यायचं तर तोंड दाखवून द्या ना!

किनुए दारातच बसली होती. हडकली होती, पण चेहरा नितळ, आठीसुद्धा नाही. तिने मासुएला आत बसवलं, चहा केला, आणि कप समोर ठेवला.

कपावर झाकण होतं. खाली लाकडी बशी.

मासुए बघतच राहिली. हा पाहुण्यांचा कप. तिचा कप दुसरा, कड उडालेला, निळा. लहानपणी त्याच कपासाठी दोघींनी ओढाताण केली होती, त्यात कड उडाली होती, आणि तेव्हापासून या घरात मासुए दुसऱ्या कशातून चहा प्यायली नव्हती.

"ताई, हे काय? मी काय पंचायतीचा माणूस आहे?"

"दमला असाल," किनुए म्हणाली. मग जरा थांबून, "दमली असशील."

मासुए उठली, फडताळातून तो निळा कप काढला आणि तिच्यासमोर आपटला. "हा माझा!"

किनुएने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "फुटका आहे गं," ती हळूच म्हणाली. "का ठेवलाय मी, कळत नाही."

२

पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यातून रोजची धून वाजली. मग एक आवाज म्हणाला की रानडुकरं उतरली आहेत, कुंपणं बघून घ्या. धून संपली तशी मासुए स्वयंपाकघरात गेली. शेगडी थंड. भाताचा कुकर उघडला, तो कोरडा, तळाशी धूळ.

"जेवतेस काय तू? वारा?"

"येतं ना," किनुए म्हणाली.

ती ओसरीवर गेली आणि दोन्ही हातांनी एक भांडं घेऊन आली. तपकिरी लाखेचं, झाकणाचं. झाकण काढताच वाफ आली. आत शिजवलेल्या अळकुड्या.

"कोणी दिल्या?"

"शेजारून."

"कुठल्या शेजारून? इकडचा शेजार मेला, तिकडचा मुलाकडे गेला. मधे तू!"

"असं विचारतात का गं?"

मासुएने एक फोड तोंडात टाकली. गोड, मऊ, साखर-सोयाबीनच्या रसात मुरलेली. किनुए डोळे मिटून खात होती. "आईच्या हातची चव," ती म्हणाली.

"आईच्या?" मासुए फिस्कारली. "आईच्या अळकुड्या खारट असायच्या आणि खाली लागलेल्या. निदान माझ्या वाट्याला यायच्या त्या."

जेवण झालं. किनुएने भांडं धुतलं, कोरडं पुसलं. आता ते रिकामं परत करायचं नाही, ही तर सगळ्या मुलखाची रीत. आत काहीतरी घालायचं, फार नाही, चिमूटभर साखर, एखादी काडेपेटी. मासुएने सवयीने देवघरातली काडेपेटी पुढे केली.

"काडेपेटी?" किनुए हसली. "ते पूर्वी."

ती भांडं घेऊन कागदी दाराच्या पलीकडे, ओसरीवर गेली. दार लावून घेतलं. कागदावर तिची सावली दिसत होती. ती वाकली, भांड्यावर तोंड नेलं, आणि काहीतरी पुटपुटू लागली. बराच वेळ. लहान मुलाच्या कानात सांगावं तसं. शब्द कळत नव्हते. मग झाकण बसल्याचा आवाज आला.

आत आली तेव्हा तिचा चेहरा आणखी नितळ झालेला होता.

"काय बोलत होतीस?"

"कधी?" किनुए म्हणाली.

३

सकाळी मासुए उठली तर किनुए पितरांच्या देव्हाऱ्यापुढे बसलेली. घंटी वाजवली, हात जोडले, सगळं रीतसर. मग मान वर करून तिने नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं.

"सज्जन दिसतो, नाही?" ती म्हणाली. "कोणाच्या घरचा असेल?"

 मासुए घाबरली की चिडायची, दुसरं तिला येत नव्हतं.

"तुझ्याच घरचा! कान्जी! चाळीस वर्षं तुझ्या शेजारी घोरला तो!"

"असं का?" किनुएने फोटोला वाकून नमस्कार केला. उशिरा ओळख झाल्याबद्दल माफी मागावी तसा.

मासुए अंगणात गेली आणि नळावर तोंड धूत राहिली. पाणी बर्फासारखं होतं, तरी धूत राहिली. म्हातारपणचा विसर, तिने स्वतःला सांगितलं. बाजारातल्या ओकानोच्या सासूला झाला होता तो. ती मुलाला पोस्टमन समजायची. दवाखान्यात नेऊ, गोळ्या असतात. एकटेपणाने होतं, न जेवण्याने होतं. सगळं पटण्यासारखं होतं. पटत नव्हतं ते एकच. ओकानोची सासू विसरली की घाबरायची, रडायची, हातातलं फेकायची. ही विसरत होती आणि समाधानी दिसत होती. देणं फिटलेल्या माणसासारखी.

"उद्या सकाळच्या बसने निघायचं," मासुए आत येऊन म्हणाली. "माझ्याकडे. कायमचं."

तिने भांडणाची सगळी तयारी ठेवली होती. पूर्वज, थडगी, शेत, सगळ्याला उत्तर तयार होतं.

"बरं," किनुए म्हणाली.

ओसरीवर कालचं भांडं नव्हतं. पहाटे दव पडलं होतं, अंगणभर पांढरं, पण त्यावर मासुएच्या पावलांशिवाय एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

४

योझो त्याच्या अंगणात मुळे वाळत घालत होता. पानांना पानं बांधून जोड्या करायच्या आणि बांबूवर टांगायच्या. हा योझो म्हणजे गावातला सगळ्यात मोठा बडबड्या. लहानपणी मासुए आणि तो मिळून कलिंगडं चोरायला गेले होते आणि पळताना योझो सोनखताच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. तो किस्सा त्याने गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितला होता, आणि दर वेळी खड्डा थोडा खोल झाला होता.

"काय रे, अजून वास जातो का अंगाचा?" मासुए लांबूनच ओरडली.

योझो वळला आणि वाकला. "मासुएबाई. लांबून आलात. थंडी पडू लागली आहे, नाही?"

"बाई? बाई कोणाला म्हणतोस? खड्ड्यातून केसांना धरून कोणी ओढलं होतं तुला?"

"असं झालं होतं का?" तो हसला. "छान किस्सा असणार."

मासुएची नजर त्याच्या ओसरीवर गेली. तिथे लाखेचं भांडं होतं, तपकिरी, झाकणाचं. धुतलेलं. तिने मान वळवली. समोरच्या घराच्या ओसरीवर तसंच. कालव्यापलीकडच्या घराच्या ओसरीवर तसंच. काल येताना ती भाज्या बघत आली होती, म्हणून ही भांडी तिला दिसली नव्हती.

"योझो, ही भांडी कोण ठेवतं?"

"विचारणं बरं दिसत नाही."

"कोणाला बरं दिसत नाही?"

तो मुळ्याची पानं शांतपणे वळत राहिला. "पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही काडेपेट्या घातल्या. त्या तशाच परत आल्या. तांदूळ घातले, ते परत आले. त्यांना ते नको असणार. मग माणूस आपल्याकडे जे असतं ते घालतो. रिकामं भांडं कसं परत करायचं?"

"फेकून द्यायचं कालव्यात! नको म्हणायचं! तोंड दिलंय ना देवाने?"

योझोने तिच्याकडे बघितलं. कोणी भर रस्त्यात कपडे काढावेत, तसं काही ऐकलेल्या माणसासारखं. "एवढं कोणी आठवणीने करून आणतं," तो म्हणाला, "आणि नको म्हणायचं?"

"आणि त्यात तुमचं जे जातं, त्याचं काय?"

"गावात आता भांडणं होत नाहीत," योझो म्हणाला. "बांधाची नाहीत, पाण्याची नाहीत. सून-सासूची नाहीत. तुम्ही बघितलंच असेल."

बघितलं होतं तिने. याला ती काल शांतता म्हणाली होती. संतापाने तिच्या कानशिलात घण पडायला लागले. एक माणूस, एक, या अख्ख्या गावात नाही म्हणू शकला नाही! घरातून एकेक गोष्ट उचलून नेली जात होती आणि हे दारात वाकून चोराला म्हणत होते, थंडी पडू लागली आहे, नाही?

५

घरी किनुए बोचकं बांधत होती. दोन सदरे, कंगवा, पांढरे मोजे. मासुएने तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि तिला समोर बसवलं.

"भांड्यात काय काय घालून दिलंस?"

"ते कसं सांगता येईल? दिलं ना." किनुए विचार करू लागली, तांदळाच्या डब्यात हात घालून अंदाज घ्यावा तशी. "त्या कपाचं काहीतरी आठवायचं. ते दिलं. नवऱ्याचं पुष्कळ होतं, त्यावर अख्खा उन्हाळा गेला. आईचं तर सगळ्यात आधी दिलं. हात, चेहरा, चूल, सगळं. हलकं वाटतं गं मासु. तुला नाही कळायचं, तू कधी कोणाला काही दिलंच नाहीस."

तो टोमणा ऐकून मासुएला क्षणभर बरंच वाटलं. टोमणा होता म्हणजे ताई अजून आत होती.

"आणि आता उरलंय काय?"

"फार नाही," किनुए म्हणाली. "तू आहेस."

मासुएने बोचकं बाजूला टाकलं. 

"तुला मी पुरवून पुरवून वापरलं हो," किनुए घाईने म्हणाली, पाहुण्याला कमी वाढलं म्हणून सांगावं तशी. "शेवटपर्यंत ठेवलं. तू घर सोडून गेलीस तो दिवस दिला, तो बाकी मोठा होता. भांडं उचलवत नव्हतं."

मासुए उभी राहिली. तिला काही दिसेना.

तो दिवस! ती पंधरा वर्षांची होती. गावातून मुली गोळा करून ओसाकाच्या सूतगिरणीत धाडायचे. एका घरातून एक. किनुए थोरली, जायचं होतं तिने. आदल्या दिवशी आईने ठरवलं, थोरली घरी राहील, तिला घरजावई बघू, धाकटीला धाडा. बसथांब्यावर आई आली नाही. किनुए आली नाही. घरातून निघताना मासुएने मागे बघितलं, तेव्हा या कागदी दाराच्या फटीतून ताईचा एक डोळा दिसला होता. मग फट बंद झाली. गिरणीतल्या यंत्रांच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला. तिच्या कष्टातून या घरावर नवी कौलं चढली. आणि एवढ्या वर्षांत, दर कापणीनंतर, ती मिठाईचा खोका घेऊन यायची ती एकच गोष्ट ऐकायला. चुकलं गं माझं. एवढंच. ताई कधी बोलली नाही. चहा द्यायची, त्या निळ्या कपातून.

आणि आता ज्या दिवसाची माफी मागायची, तो दिवसच हिने भांड्यात घालून देऊन टाकला होता. अळकुड्यांच्या बदल्यात!

"मला भांड्यात घालतेस?" ती ओरडली. देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणली एवढं. "मला? आज काही परत जाणार नाही! रिकामं जाईल ते भांडं, पालथं! आणि उद्या सकाळी तू बसमध्ये असशील!"

किनुएने लाजून मान खाली घातली. 

"रिकामं?" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील, मासु?"

६

पाच वाजता कर्ण्यावर धून सुरू झाली तेव्हा मासुए कागदी दाराच्या आत, चटईवर बसलेली होती. या दारांना खालच्या बाजूला वीतभर काच असते, बसल्याजागी बाहेरचा बर्फ दिसावा म्हणून. त्या काचेतून ओसरीची फळी दिसत होती आणि अंगणाचा तुकडा. उजेड अजून होता. कोणी आलं तर दिसेल, ती मनाशी म्हणाली. कोणी तरी बाईच असेल. वेडी असेल एखादी, किंवा गावाची सेवा करण्याची हौस असलेली. दोन शब्द सुनावले की संपलं.

धून संपली. अंगणात काही हललं नाही. आणि तरीही काचेपलीकडे एक काठ होता.

निळ्या कामाच्या विजारीचा काठ, पाणी गळणारा, पाऊस नसताना. आई भातलावणीला घालायची तसली. मग दोन हात खाली आले आणि भांडं फळीवर ठेवलं. मातीने भरलेले, म्हातारे हात. एका तर्जनीचं टोक नव्हतं.

 आईचं बोट पेंढा कापायच्या सुरीखाली गेलं होतं. पण ते उजव्या हाताचं. मासुएला पक्कं माहीत होतं, त्याच हाताच्या थपडा तिने खाल्ल्या होत्या, ते बोथट टोक गालावर वेगळं लागायचं. हे बोट डाव्या हाताचं होतं. चुलीपाशी आईच्या समोर बसायची ती किनुए. तिच्या आठवणीत, समोरून बघताना दिसावं तसं उलटं, ते होतं.

हात मागे गेले. काठ तिथेच राहिला. थांबला होता.

मासुएने दार वीतभर सरकवलं, भांडं आत ओढलं, दार बंद केलं. मागच्या दाराने जाऊन अळकुड्या कालव्यात ओतल्या. भांडं तसंच खरकटं आणून, झाकण लावून, ओसरीवर आपटलं, मान वर न करता. "घ्या! आम्हाला नको!"

काठ हलला नाही. पाणी थेंबथेंब फळीवर पडत राहिलं. वरच्या कागदावर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीला, एक ओला ठिपका उमटला. वाढला. आत गेला, बाहेर आला. कोणी अगदी जवळ उभं राहून श्वास घेत होतं, रागाने नव्हे, घाईने नव्हे. शेजारीण भांड्यासाठी थांबते तसं.

"उभं ठेवलंस त्यांना," किनुए कुजबुजली. ती रांगत पुढे आली होती, गालांवर पाणी, लाजेने लालभडक. "दारात! खरकटं भांडं दिलंस! माझ्या घरातून!"

मासुएने तिचा हात धरला. पण एवढीशी हडकुळी बाई, लाजेने तिला काय बळ आलं होतं! तिने दार सरकवलं, भांडं ओढून बाहीने पुसलं, त्यावर वाकली.

"माझी एक धाकटी बहीण आहे," ती भांड्यात बोलू लागली. "तिचं नाव—"

मासुएने भांडं हिसकावलं.

आता सुचायला हवं होतं ते एकच: पळायचं. ताईला ओढून, मागच्या दाराने. पण पळायचं कसं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने भांड्यात तोंड घातलं आणि ओरडली.

"हवंय ना तुला? घे! पोटभर घे! बाकावर बसले होते मी, आईने शिवलेलं एक फडकं नव्हतं माझ्याकडे, शेजारणीने दिलेल्या बोचक्यात दोन सदरे! बस आली तरी मी चढेना, ड्रायव्हर म्हणाला चल पोरी, मी म्हटलं आई येतेय! येत होती का? खाचरात चिखल होता म्हणे! चिखल! आणि तू, ताई, फटीतून बघत होतीस! एक डोळा! मला पंधरा वर्षांच्या पोरीला एका डोळ्याने निरोप दिलास! गिरणीत हातात सूत घुसायचं, रक्त पुसायला वेळ नाही, खोकल्यातून कापूस पडायचा, आणि पत्रात काय, तर कौलं छान दिसतात! कौलं! मी नसते तर कोणी असतं तिथे? तू! तू असतीस! हे सगळं तुझं होतं आणि मी केलं, आणि तुला एक शब्द, एक शब्द—"

ती किती वेळ ओरडली तिला कळलं नाही. शब्द संपले तरी आवाज येत राहिला, गिरणीचा, बाजाराचा, त्याखालचा कुठलातरी पातळ, लहान मुलीचा. भांडं जड झालं, आणखी जड, मनगटं दुखू लागली. मग एकाएकी आतून काही येईना. तिने बाजूला पडलेलं झाकण उचलून लावलं.

दोन हात खाली आले. भांडं उचलताना ते वजनाने जरा लवले. मग काठ मागे सरला, आणि कागदापलीकडे काहीतरी खूप खाली वाकलं.

७

सकाळ छान होती. खाचरांवर धुकं, वर निळं आकाश. बसथांब्याच्या बाकावर दोघी बहिणी शेजारी बसल्या होत्या, मांडीवर बोचकी. ताईला बरोबर नेतोय याचा मासुएला आनंद होता. उन्हाची खोली तिला आवडेल.

बसला उशीर झाला. डोंगरातला रस्ता, व्हायचाच.

किनुए मात्र रडत होती. पहाटेपासून रडत होती, आणि मासुएचा हात सोडत नव्हती.

"चुकलं गं माझं, मासु," ती म्हणाली. "जायची पाळी माझी होती. मी आईला म्हणाले होते की मला भीती वाटते. मी म्हणाले होते. काल तू बोललीस ना, ते सगळं ऐकलं मी, आणि दिलेलं परत आठवलं. शब्द न् शब्द. चुकलं माझं."

मासुएने रुमाल काढून तिचे डोळे पुसले. "कशाबद्दल गं, ताई?"

किनुएने तिला दंडाला धरून हलवलं.

"तू रागाव ना माझ्यावर," ती म्हणाली. "एकदा ओरड."

"उगाच कशाला ओरडू?" मासुए हसली. "थंडी पडू लागली आहे, नाही?"

बस आली. ड्रायव्हर आधीच टोपी काढून तयार होता. मासुएने वाकून त्याचे आभार मानले. तो गोंधळला, बिचारा. दोघी मागच्या सीटवर बसल्या. बस निघाली तेव्हा मासुएने खिडकी थोडी उघडली, गावाकडे एकदा बघावं म्हणून.

खालून, घरांकडून, आवाज येत होता. आधी एका ओसरीवरून, मग कालव्यापलीकडून, मग एकदम सगळीकडून. बाईचा आवाज. बाई कसली, पोरच, पंधरा-सोळा वर्षांची असेल. घशाच्या शिरा ताणून ओरडत होती. लोक अंगणात येऊन उभे राहिले होते, हातात झाकणं. योझो मुळ्यांच्या बांबूखाली डोकं धरून बसला होता. शब्द इतक्या लांबून कळत नव्हते, पण इतकं चिडलेलं माणूस मासुएने जन्मात ऐकलं नव्हतं.

किनुएने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"कोण गं ती?" मासुए म्हणाली. तिला वाईट वाटत होतं. "कोणाची पोर आहे? एवढं काय केलं असेल कोणी तिचं?"

बस वळणावर आली. आवाज मागे पडेना. मासुए काचेला कान लावून ऐकत राहिली.

"कोणीतरी जाऊन विचारायला हवं होतं तिला," ती म्हणाली.